तेलात लपवलेली खूण: डुप्लिकेट माल पकडायला केमिकल मार्कर खरंच कामाचा आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जळगावकडचे एक उद्योजक इंजिन ऑइल आणि ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक ऑइल बनवतात, छोटा ब्लेंडिंग प्लांट आहे, गेली दोन वर्षं त्यांच्याच नावाचे डुप्लिकेट डबे तालुक्याच्या बाजारात दिसतायत. होलोग्राम लावला तर सहा महिन्यांत तसाच होलोग्राम आला, क्यूआर कोड लावला तर एकच कोड हजार डब्यांवर छापून आला. आता एक सप्लायर सांगतोय की तेलात आमचा सिक्रेट केमिकल मार्कर टाका, कुणालाच कॉपी करता येणार नाही. त्यांनी विचारलंय, हे खरं आहे का, आणि पैसे घालावेत का?

मी ॲनालिटिकल केमिस्ट आहे, बावीस वर्षं झाली, त्यातली निम्म्याहून जास्त मार्करच्याच कामात गेली, आधी शाई आणि लेबल, मग ल्युब्रिकंट. उत्तर लांबणार आहे, कारण मार्कर काम करतो हे खरं आहे पण सप्लायर जसं सांगतोय तसा नाही करत.

आधी मार्कर म्हणजे काय ते साध्या भाषेत. तुमच्या मालात एखादा असा पदार्थ अगदी किंचित मिसळायचा जो तिथे एरवी असायचं काही कारणच नाही, जो डोळ्याला दिसत नाही, वासाला कळत नाही, मालाच्या गुणाला धक्का लावत नाही, पण तुमच्याकडच्या यंत्राला मात्र बरोब्बर दिसतो. किंचित म्हणजे किती, तर एक पीपीएम, म्हणजे दहा लाखात एक भाग धरा, तेल मिसळायच्या दहा टनाच्या केटलला दहा ग्रॅम. एवढुसा पदार्थ थेट केटलमध्ये टाकला तर तो नीट पसरणार नाही म्हणून आधी दहा-वीस लिटर बेस ऑइलमध्ये, म्हणजे ॲडिटिव्ह घालायच्या आधीच्या मूळ तेलात, त्याचं पातळ मिश्रण करायचं आणि ते ब्लेंडिंग चालू असताना हळूहळू सोडायचं.

बाजारात सर्रास दिसतो तो यूव्ही टॉर्चवाला मार्कर, म्हणजे निळ्या-जांभळ्या उजेडात चमकणारी शाई. त्याच्यावर विसंबू नका. घरी एकदा करून बघा, अंधारात यूव्ही टॉर्च पांढऱ्या शर्टावर मारा, लख्ख निळा दिसेल, कारण कपडे धुवायच्या पावडरीत जे राणीपाल-टिनोपालच्या जातीचं असतं ते यूव्हीत चमकतंच, कागदातही तेच असतं. पाचशेच्या नोटेचा नंबर चमकतो तो मुद्दाम, पण बाजूला ठेवलेलं किराण्याचं बिलसुद्धा चमकतं. आणि तुमच्या बाबतीत तर खुद्द तेलच चमकतं, बेस ऑइलमध्ये ॲरोमॅटिक नावाची जी संयुगं शिल्लक असतात ती यूव्हीत निळसर दिसतात. अशा गोंगाटात तुमची खूण ऐकू कशी येणार?

यावर उपाय आहेत आणि मला या धंद्यातला हाच भाग सगळ्यात आवडतो. युरोपियमसारखे रेअर अर्थ धातू घ्या. युरोच्या नोटेत जो लाल चमकतो तो युरोपियमच, असं २००२ मध्ये नोटा चलनात आल्याबरोबर डच शास्त्रज्ञांनी स्पेक्ट्रम काढून ओळखलं होतं. त्याची गंमत अशी की टिनोपालसारख्या रंगाची चमक दिवा बंद केल्यावर काही नॅनोसेकंदांत मरते, युरोपियमची मात्र मिलीसेकंदाच्या हिशोबात रेंगाळते. म्हणजे दिवा मारायचा, बंद करायचा, क्षणभर थांबायचं आणि मग बघायचं. तेवढ्यात सगळा निळा कचरा विझलेला असतो आणि ६१५ नॅनोमीटरच्या आसपासची लाल रेघ एकटीच उरते. कागद, लेबल, प्लास्टिकला हे छान चालतं.

तेलासाठी मात्र वाट वेगळी. तेल यूव्ही पिऊन टाकतं, पण ७०० नॅनोमीटरच्या पुढे, जिथे आपल्या डोळ्याला दिसायचं बंद होत जातं, तिथे ताजं तेल बऱ्यापैकी पारदर्शक असतं. तिथे शोषण करणारे आणि चमकणारे रंग आहेत, थॅलोसायनिनच्या कुटुंबातले. टिफिनच्या डब्याएवढा रीडर मिळतो, काचेच्या व्हायलमध्ये पाच मिली तेल घालायचं, झाकण लावायचं, बटण दाबायचं, आकडा येतो. काळं पडलेलं, गाडीतून काढलेलं तेल तपासू नका, काजळीमुळे आकडा खोटा येतो. सीलबंद डब्यातलंच तपासायचं.

आणि आकडा देणारा रीडरच घ्या, नुसता हो-नाही सांगणारा नको. कारण धंद्यातली लबाडी बहुतेक वेळा शंभर टक्के नसते. डबा तुमचा खरा, भंगारवाल्याकडून किंवा गॅरेजमधून विकत घेतलेला, त्यात अर्धं तुमचं तेल आणि अर्धं ॲसिड-क्ले करून, म्हणजे ॲसिड आणि माती वापरून, साफ केलेलं जुनं तेल. हो-नाहीची पट्टी याला ‘हो’ म्हणेल. आकडा असेल तर १०० च्या जागी ५२ दिसेल आणि मग कुठे काय झालंय ते कळेल.

तुमच्या सप्लायरने बहुधा झाकणात मार्कर टाकायचा पर्यायही सांगितला असेल, मास्टरबॅचमध्ये, म्हणजे प्लास्टिकला रंग द्यायच्या दाट दाण्यांमध्ये, मिसळून. त्यात इनऑर्गॅनिक फॉस्फर, म्हणजे चमकणाऱ्या खनिज पावडरी असतात, ते मोल्डिंगचं तापमान सहज सोसतात, ९८० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड लेसर मारला की झाकणावर हिरवा ठिपका उमटतो, बघायला फार छान वाटतं, डीलरसमोर डेमो दिला की सगळे माना डोलावतात. पण हे पावडर आज कुणालाही विकत मिळतं, आणि मुख्य म्हणजे ते झाकण खरं आहे एवढंच सांगतं, आत काय आहे ते नाही. जिथे रिकामे डबे पुन्हा भरले जातात तिथे खूण मालातच हवी, पॅकिंगमध्ये असेल तर ती फक्त जोडीला.

आता ‘कुणालाच कॉपी करता येणार नाही’ याबद्दल. मार्कर हरवायचे दोन रस्ते आहेत, एक तो ओळखून आपल्या मालात टाकणं आणि दुसरा तो खऱ्या मालातून काढून टाकणं. तुमच्याकडे पहिल्याची भीती आहे. दुसऱ्याचा अनुभव इंधनवाल्यांनी घेतलाय आणि तो समजून घेण्यासारखा आहे.

आपल्याकडे रेशनचं रॉकेल निळं का असायचं, तर ते डिझेल-पेट्रोलमध्ये मिसळलं तर दिसावं म्हणून. पण मातीतून, कार्बनमधून गाळलं की निळा रंग निघून जायचा. भेसळीतला पैसा इतका मोठा होता की माणसं मारली गेली. नोव्हेंबर २००५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खेरी भागात पंपावरची भेसळ पकडणारे इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी मंजुनाथ षण्मुगम यांचा खून झाला. त्यानंतर ऑक्टोबर २००६ पासून देशभर रॉकेलमध्ये न दिसणारा केमिकल मार्कर टाकायला सुरुवात झाली, पंपावर जाऊन तपासणी सुरू झाली, आणि २००८ संपताना ती योजना बंद झाली, कारण हा मार्करही धुवून काढता येतो असं समोर आलं. आणि २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ पानेवाडीला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधन माफियाने जिवंत जाळलं. मी तेव्हा मार्करच्याच प्रोजेक्टवर होते. त्या दिवसापासून मी कुठल्याही क्लायंटला पहिला प्रश्न विचारते, तुमचा माणूस सॅम्पल आणायला जाईल तेव्हा त्याच्याबरोबर कोण असेल? तुम्हालाही तोच विचारतेय. सॅम्पल गिऱ्हाईक बनून विकत घ्यायचं, बिल घ्यायचं, गावाबाहेर येऊन तपासायचं. दुकानात रीडर उघडायचा नाही. एकट्या पोराला मोटरसायकलवर पाठवू नका.

मार्कर धुतला कसा जातो त्याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण युरोपातलं आहे. तिकडे कमी कराच्या डिझेलमध्ये २००२ पासून सॉल्व्हंट यलो १२४ नावाचा पिवळा पदार्थ लिटरला किमान सहा मिलिग्रॅम टाकायचे. तपासायची रीत सोपी, थोडं ॲसिड घालून हलवायचं, मार्कर तेल सोडून खाली पाण्याच्या थरात उतरतो आणि लाल होतो. झालं, चोरांनी हेच मोठ्या टाक्यांमध्ये केलं. आयर्लंडच्या सीमाभागात तर याचे अख्खे प्लांट चालायचे आणि ॲसिडचा गाळ रस्त्याकडेला फेकून द्यायचे. म्हणजे ज्या केमिस्ट्रीवर टेस्ट उभी होती त्याच केमिस्ट्रीने मार्कर बाहेर निघत होता. मग २०१५ मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडने नवा मार्कर आणला, त्याला ॲसिड लागत नाही, मातीला तो चिकटत नाही, उकळबिंदूही डिझेलच्या पट्ट्यातलाच म्हणून डिस्टिलेशननेही सहज सुटत नाही. सप्लायरला हा प्रश्न विचारा की तुमची टेस्ट कशावर चालते आणि तीच गोष्ट बॅरलभर मालाला केली तर काय होईल. उत्तर देताना तो अडखळला तर समजून जा.

कॉपीच्या बाबतीत एक पदार्थ कधीच पुरत नाही. चांगल्या लॅबकडे तुमचा डबा आणि वेळ असेल तर काय टाकलंय ते आज ना उद्या शोधता येतं. म्हणून दोन-तीन पदार्थ ठराविक प्रमाणात टाकतात आणि खूण त्या प्रमाणात असते. तीन पदार्थ, प्रत्येकाच्या शून्य धरून चार पातळ्या, झाले चौसष्ट, त्यातला ‘काहीच नाही’ सोडला तर त्रेसष्ट कोड. दर वर्षी कोड बदलायचा, जुन्या बॅचचे कोड लिहून ठेवायचे. नवीन पदार्थ शोधत बसण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

पण खरं सांगू का, गुपित फुटतं ते लॅबमधून नाही, प्लांटमधून फुटतं. आणि कधीकधी गुपित इतकं घट्ट धरलं जातं की त्यानेच घात होतो. हे मी स्वतः भोगलंय म्हणून सविस्तर लिहिते.

एका कंपनीसाठी, नाव नको, आम्ही तेलाचा मार्कर बसवला होता. मराठवाड्यात तालुक्याच्या गावी एका दुकानातून सॅम्पल आणलं, रीडरवर शून्य. दुसरा डबा, शून्य. पाच डबे झाले, पाचही शून्य. कंपनीचा सेल्सवाला आणि मी, दोघं दुकानात गेलो. दुकानदार साठीचे, पंचवीस वर्षं त्याच कंपनीचा माल विकणारे. त्यांनी काउंटरखालून फाइल काढली, बिलं तारखेवार लावलेली, बॅच नंबराखाली लाल पेनाने रेघ. म्हणाले, ‘मॅडम, तुमच्या डेपोतून आलेला माल आहे, बिल बघा की आधी.’ मी बिल बघितलं. आणि मी त्यांना म्हणाले की बिल छापता येतं काका, मशीन खोटं बोलत नाही. दुकानात गिऱ्हाइकं होती तेव्हा. त्यांनी फाइल बंद केली आणि काहीच बोलले नाहीत.

त्यांचा सप्लाय बंद झाला. तीन आठवड्यांनी केसची कागदपत्रं पूर्ण करायची म्हणून मी त्याच बॅचचं प्लांटमधलं रिटेन सॅम्पल, म्हणजे माल बाहेर जाताना राखून ठेवलेला नमुना, मागवलं, फक्त फॉर्मॅलिटी म्हणून, आणि तेही शून्य. प्लांटमध्ये भरलं, प्लांटमध्येच ठेवलं आणि मार्कर नाही. मग उलगडलं. मार्करची बाटली कुलूपबंद कपाटात, किल्ली एकाच सुपरवायझरकडे, तो त्या दिवशी बहिणीच्या लग्नाला. गुप्तता म्हणून ऑपरेटरला सांगितलं होतं की हा कलरचा ॲडिटिव्ह आहे. तेलाचा रंग तर बरोबर दिसत होता, टँकर भरायला उभा होता, त्याने बॅच सोडली. त्याची काय चूक? त्याला जे सांगितलं होतं त्या हिशोबाने त्याने बरोबरच केलं.

मी परत गेले माफी मागायला. त्यांनी चहा मागवला, बसा म्हणाले, शांतपणे ऐकून घेतलं. कंपनीने सप्लाय सुरू करतो म्हणून पत्र दिलं तर त्यांनी घेतलं नाही, दुसऱ्या ब्रँडचे डबे लागले होते शेल्फवर. तो ‘बिल छापता येतं काका’ माझ्या कानातून अजून गेलेला नाही.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक कामात तीन गोष्टी ठरलेल्या असतात आणि त्यांच्याशिवाय मी मार्कर बसवून देत नाही. एक, भरणी सुरू व्हायच्या आधी प्रत्येक बॅचचा मार्कर रीडरवर तपासला जातो, आकडा बॅच कार्डावर ‘क्यूसी नंबर’ म्हणून जातो, नसेल तर माल गेटबाहेर नाही. दुसरी, ऑपरेटरला काय टाकतोय ते सांगायची गरज नाही पण ते टाकल्याशिवाय बॅच पुढे जाणार नाही हे सांगायलाच हवं, आणि किल्ली दोघांकडे. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, बाजारात शून्य आलं तर दुकानदाराकडे जायच्या आधी त्या बॅचचं रिटेन सॅम्पल तपासायचं. रिटेन पास आणि बाजारातला फेल, तरच बोलायचं. याच्यासाठी प्रत्येक बॅचचं निदान एक लिटर शेल्फ लाइफभर ठेवावं लागतं, एक लाकडी मांडणी आणि काळ्या बाटल्या, बाकी खर्च नाही.

उन्हाचंही बघा. तुमच्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या गोडाऊनमध्ये काय तापतं ते तुम्हाला मी सांगायला नको. काही रंग उष्णतेने, उजेडाने उतरतात. सप्लायरकडून तुमच्याच तेलात मिसळलेल्या मार्करचा ओव्हनमधला डेटा मागा, ६० डिग्रीला निदान तीन महिने, दर पंधरवड्याचा आकडा. त्यांच्या ब्रोशरमधला डेटा दुसऱ्याच कुठल्या तेलातला असतो. तुमच्या तेलात झिंक आहे, कॅल्शियम आहे, डिटर्जंट आहे, त्यांच्यासोबत वर्षभर राहून मार्कर टिकतो का हे तुमच्याच तेलात बघावं लागतं.

आणि झिंकचा विषय निघालाच आहे तर जे मी सगळ्यात आधी सांगायला हवं होतं ते सांगते. तुमच्या तेलात आत्ताच एक मार्कर आहे, तुम्ही त्याचे पैसे आधीच भरताय. तुमचं ॲडिटिव्ह पॅकेज. इंजिन ऑइलमध्ये झिंक, फॉस्फरस, कॅल्शियम ठराविक प्रमाणात असतात, बऱ्याच डिझेल इंजिन ऑइलमध्ये झिंक हजार पीपीएमच्या आसपास. डुप्लिकेटवाला नेमकं इथेच पैसे वाचवतो कारण ॲडिटिव्ह महाग. व्हिस्कोसिटी, म्हणजे तेलाचा दाटपणा, तो बरोबर जुळवतो, रंग जुळवतो, झिंक-कॅल्शियम जुळवायला गेला तर त्याचा नफाच संपतो. शिवाय साफ केलेलं जुनं तेल असेल तर त्यात लोखंड-तांबं सापडतं, जे ताज्या तेलात जवळजवळ नसतं. तेलात कुठला धातू किती ते मोजणारी आयसीपीची टेस्ट कुठलीही बरी ऑइल लॅब करून देते, एक्सआरएफ या एक्स-रेवर चालणाऱ्या यंत्रावर तर मिनिटांत होतं. माझा अनुभव असा की निम्म्या केसेस इथेच उघड्या पडतात, मार्करपर्यंत जावंच लागत नाही. मार्कर लागतो तो शहाण्या नकलेसाठी, म्हणजे टोल ब्लेंडर, तुमच्यासाठी कंत्राटावर तेल बनवून देणारा, रात्रपाळीत तुमच्याच फॉर्म्युल्याने जास्तीचा माल काढून बाहेर विकतोय अशा वेळी, किंवा रिझल्ट आठवड्याने नाही तर लगेच हवा असतो तेव्हा.

कायद्याचं थोडक्यात. ट्रेड मार्क्स ॲक्ट १९९९ च्या कलम १०३ खाली सहा महिने ते तीन वर्षं शिक्षा आहे, धाड टाकायला कलम ११५ प्रमाणे डीवायएसपी किंवा त्याच दर्जाचा अधिकारी लागतो आणि आधी रजिस्ट्रारचं मत घ्यावं लागतं. तुमचं रजिस्ट्रेशन जिवंत आहे ना ते आजच बघा, नूतनीकरण राहून गेलेलं असणं हे मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय. कोर्टात केस उभी करताना मार्करचा रिपोर्ट शक्यतो पुढे करू नका. एकदा तो चार्जशीटमध्ये गेला की काय टाकता, किती टाकता हे समोरच्या वकिलाच्या हातात जातं, उलटतपासणीत सगळं बाहेर येतं आणि कोड बदलावा लागतो. मार्करने शोधायचं की कुठल्या गावात, कुठल्या पुरवठादाराकडे जायचं, आणि केस उभी करायची डब्यावर, लेबलवर, साच्याच्या खुणांवर आणि बाहेरच्या लॅबच्या आयसीपी रिपोर्टवर.

कुणी औषध किंवा खाण्याच्या वस्तूसाठी हे वाचत असेल तर इथलं तसंच्या तसं उचलू नका. गोळीत खूण टाकायची तर परवान्यातली फॉर्म्युलेशन बदलते, मंजुरी लागते, पदार्थही खायला सुरक्षित आणि मान्य असलेलाच लागतो. अमेरिकेच्या एफडीएने २०११ मध्ये यावर मार्गदर्शन काढलंय, आपल्याकडे १ ऑगस्ट २०२३ पासून तीनशे ब्रँडना क्यूआर कोड सक्तीचा झाला तो पॅकिंगवरचा. कीटकनाशकालाही तेच, रजिस्ट्रेशनच्या बाहेर काही मिसळता येत नाही.

तर जळगावच्या दादा, सप्लायरला सध्या थांबवा, नाही म्हणू नका. या आठवड्यात संशय असलेल्या दुकानांतून पाच डबे विकत घ्या, बिलासकट, सील न उघडता, प्रत्येकाचा फोटो काढून, आणि त्याच बॅच नंबरांची तुमची रिटेन सॅम्पल शोधा. रिटेन ठेवत नसाल तर कालच्या बॅचपासून सुरू करा. दहाही बाटल्यांवर नुसते आकडे घालून, कुठली कुणाची ते न सांगता, लॅबला झिंक, कॅल्शियम, फॉस्फरस, लोखंड आणि ४० डिग्रीच्या व्हिस्कोसिटीसाठी पाठवा. रिपोर्ट आला की आकडे इथेच लिहा, मग तुम्हाला मार्कर लागणार आहे का आणि कुठला, ते नीट बघू.